आरएसएनएसाठी शिकागोला निघताना: रेडिओलॉजिस्टच्या पहिल्या वारीची तयारी

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा गुरुवार झाला, की त्यानंतरच्या रविवारी शिकागोत रेडिओलॉजिकल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘आरएसएनए’, या संस्थेची वार्षिक परिषद सुरू होते. २०२६ साली तो रविवार २९ नोव्हेंबरला येतो आणि परिषद गुरुवारी, ३ डिसेंबरला संपते. ही संस्था १९१५ साली वेस्टर्न राँटगेन सोसायटी या नावाने सुरू झाली. कोविडच्या आधी इथे पन्नास हजारांहून जास्त माणसं जमत. २०२०चं एक वर्ष सगळं ऑनलाइन झालं. आता माणसांचा ओघ पुन्हा सुरू झाला आहे आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांमध्ये मोठ्या शहरांबरोबरच जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने सेंटर चालवणारे रेडिओलॉजिस्टही दिसतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

माझं सांगणं एकच आहे आणि ते आधीच सांगते: आपल्या सेंटरचा किंवा विभागाचा एक प्रश्न बरोबर घेऊन जा. एमआरआयची यादी पंधरा दिवस पुढे जाते, ती कशी कमी करायची? मॅमोग्राफी सुरू करायची तर कोणती यंत्रणा आपल्याकडे टिकेल? मणक्याच्या क्षयरोगाच्या केसेस रोज येतात, त्यांच्या रिपोर्टिंगमध्ये आपण कुठे मागे पडतो? असा प्रश्न हातात असला की कोणती सत्रं ऐकायची, कोणत्या स्टॉलवर थांबायचं, कोणाला गाठायचं हे आपोआप ठरतं. तो नसेल तर पाच दिवस चालून पाय सुजतात आणि घरी पिशवीभर माहितीपत्रकं येतात. प्रश्न एका कागदावर मराठीत लिहा. मराठीत लिहिला की तो आपल्या रुग्णांच्या भाषेत येतो आणि नेमका होतो.

वर्षाच्या सुरुवातीला: व्हिसा आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट

पासपोर्टवर चालू असलेला बी-१/बी-२, म्हणजे व्यवसाय-पर्यटनाच्या छोट्या भेटीचा व्हिसा नसेल तर सगळ्यात आधी त्याच्या मागे लागा. परिषदेसाठी हाच व्हिसा लागतो. भारतातल्या अमेरिकी वकिलातींत मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायला घ्या. भेटीची तारीख घेताना ज्या अर्जाचा क्रमांक दिला, तोच अर्ज मुलाखतीला न्यायचा. मध्येच दुसरा अर्ज भरला आणि क्रमांक जुळला नाही, तर दारातूनच परत यावं लागू शकतं. ठसे आणि फोटो एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी अशा दोन फेऱ्या धरा. मुंबईची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा, पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नये.

मुलाखतीत कागदांपेक्षा उत्तरं महत्त्वाची. कुठे जाताय, कशासाठी, किती दिवस, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार, या पाच गोष्टी साध्या वाक्यांत सांगता आल्या पाहिजेत. ‘माझं स्वतःचं सोनोग्राफी-सीटी सेंटर आहे, परिषद तीन डिसेंबरला संपते, पाचला मी परत निघते’ एवढं पुरतं. परिषदेचं निमंत्रणपत्र, नोंदणीची पावती आणि नोकरी किंवा सेंटरची कागदपत्रं जवळ असू द्या. मागितली तरच दाखवा. विमानाचं पक्कं तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढा.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट (आपल्या सादरीकरणाचा गोषवारा) पाठवायची मुदत साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला संपते. रेसिडेंट्सनी, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांनी, हे नक्की करावं. वैज्ञानिक शोधनिबंधाएवढा आकडेवारीचा आधार नसला तरी शैक्षणिक प्रदर्शनासाठी चांगल्या केसेसची मांडणी चालते, आणि इथे भारताची बाजू भक्कम आहे. क्षयरोग, हायडॅटिड सिस्ट, न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्युकरमायकोसिस यांच्या जेवढ्या प्रतिमा आपल्या हार्ड डिस्कवर असतात, तेवढ्या अनेक अमेरिकी विभागांनी पाहिलेल्याही नसतात. प्रतिमा निवडताना एक खबरदारी घ्या. सोनोग्राफीच्या चित्रात रुग्णाचं नाव चित्रातच उमटलेलं असतं. डायकॉमची, म्हणजे प्रतिमेच्या फाइलला जोडलेली, माहिती पुसली तरी ते राहतं. प्रत्येक चित्र मोठं करून चारही कोपरे तपासा.

आता सदस्यत्व. सदस्यांना नोंदणी स्वस्त पडते आणि रेसिडेंट्ससाठी वेगळा सवलतीचा वर्ग असतो, म्हणून आधी सदस्य व्हा आणि मग नोंदणी करा. लवकर नोंदणीची सवलत ठरावीक तारखेपर्यंतच असते.

निघण्यापूर्वी सेंटरची व्यवस्था

सेंटर चालवणाऱ्यांना खरा घोर इथे असतो.

तुमच्या माघारी सोनोग्राफी कोण करणार? पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदणीत ज्याचं नाव आहे, त्यानेच ती करायची. ओळखीच्या सहकाऱ्याला ‘चार दिवस बसा’ म्हणून चालत नाही. नियमानुसार डॉक्टर, कर्मचारी, यंत्र किंवा पत्ता यांतला कोणताही बदल समुचित प्राधिकाऱ्याला किमान ३० दिवस आधी कळवावा लागतो. म्हणजे परिषद नोव्हेंबरच्या अखेरीस असेल तर ही पत्रं ऑक्टोबरमध्येच गेली पाहिजेत. महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, नाहीतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाऊन पोच घ्या. बदली डॉक्टर मिळत नसेल तर तेवढे दिवस सोनोग्राफी बंद ठेवणं हा सरळ आणि सुरक्षित मार्ग आहे. तसा फलक लावा आणि आसपासच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी कळवा, म्हणजे गरोदर बायकांना उगाच हेलपाटा पडणार नाही. सीटी-एमआरआयचं रिपोर्टिंग दुसरीकडून करून घेता येतं, तो करार आधी लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे महिन्याचा अहवाल. फॉर्म एफच्या (गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्मच्या) नोंदींचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. नोव्हेंबरचा अहवाल ५ डिसेंबरला देय होतो आणि तुम्ही नेमके तेव्हा अटलांटिकवर असता. तो कोण पाठवणार, लॉगिन कोणाकडे, सही कशी, हे निघण्याआधी ठरवा. नोव्हेंबरमध्ये शेवटची सोनोग्राफी झाल्या दिवशीच सगळे फॉर्म तपासून टाका. एवढी शिस्त पाळली की शिकागोत मन मोकळं राहतं.

सरकारी महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी ना-हरकत प्रमाणपत्र आणि रजेचा अर्ज उन्हाळ्यातच पुढे सरकवावा. फाइल किती टेबलांवरून फिरते ते त्यांना मी सांगायला नको.

विमान आणि मुक्काम

मुंबईहून जाणारे बहुतेक जण दिल्ली, आखाती देश किंवा युरोपमार्गे जातात. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबू धाबीतच होते आणि शिकागोला देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. मात्र तिथे बदलाच्या वेळेत किमान तीन तास हवेत.

काही जण आधी न्यू जर्सीला किंवा डॅलसला नातेवाइकांकडे थँक्सगिव्हिंग करून रविवारी शिकागोला यायचं ठरवतात. तो रविवार अमेरिकेतल्या विमानप्रवासाच्या सर्वांत गर्दीच्या दिवसांपैकी एक असतो, त्यात हिवाळा. २०१८ साली परिषद सुरू झाली त्याच रविवारी बर्फाचं वादळ आलं आणि शिकागोची शेकडो उड्डाणं रद्द झाली. शनिवारी दुपारपर्यंत शिकागोत पोचा, जमलं तर शुक्रवारीच.

हॉटेल परिषदेच्या अधिकृत यादीतूनच घ्या. परिषदेच्या बसगाड्या त्या हॉटेलांपाशी थांबतात आणि दरही ठरवून घेतलेले असतात. दाखवलेल्या दरावर शिकागोत १७ टक्क्यांहून जास्त कर लागतो, तो हिशेबात धरा. जागेचा विचार असा करा: परिषद जिथे भरते त्या मॅकॉर्मिक प्लेसला जोडूनच दोन मोठी हॉटेलं आहेत. ती महाग आहेत, पण थंडीत पाय बाहेर न टाकता सभागृहात पोचता येतं. वयस्कर मंडळींना किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांना हा खर्च वसूल होतो. बाकीच्यांनी साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू किंवा लूप या मधल्या भागात राहावं. तिथून रेल्वे आहे, बस आहे, रात्री जेवायला चालत जाता येतं. विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल घेऊ नका. वाचलेले पैसे टॅक्सीत जातात आणि रोजचे दोन तासही जातात. दोघांनी एक खोली घेणं रेसिडेंट्ससाठी उत्तम.

ओ’हेअरवर उतरल्यावर

भारताकडून येणारी बहुतेक आंतरराष्ट्रीय उड्डाणं ओ’हेअर या शिकागोच्या विमानतळावर टर्मिनल ५ वर उतरतात. मेट्रोची ब्ल्यू लाइन मात्र टर्मिनल १, २, ३ च्या बाजूला आहे. टर्मिनलांना जोडणारी छोटी गाडी फुकट आहे, तिने तिकडे जा आणि ‘सीटीए’, ‘ट्रेन्स टू सिटी’ अशा पाट्यांच्या मागे चालत राहा. ब्ल्यू लाइन चोवीस तास चालते आणि साधारण ४५ मिनिटांत लूपमध्ये पोचवते. तिकिटासाठी व्हेंट्रा कार्ड घ्या किंवा बँकेचं कार्ड सरळ टेकवा. विमानतळावरून चढताना भाडं नेहमीपेक्षा जास्त असतं. एकट्याने, दोन जड बॅगा आणि रात्रीची वेळ असेल तर सरळ टॅक्सी करा.

कस्टममध्ये खाद्यपदार्थ असल्याचं खरं सांगा. चिवडा, भाजणी, लाडू, मेतकूट, कोरड्या चटण्या यांना सहसा अडचण येत नाही. ताजी फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ नेऊ नका. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह ठेवा. प्रवासविमा उतरवा. डॉक्टरांनाही अमेरिकेतलं इस्पितळाचं बिल परवडत नाही.

वीज तिथे १२० व्होल्टची आणि प्लग चपट्या पट्ट्यांचे. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त अडॅप्टर लागतो.

थंडी आणि झोप

नोव्हेंबरअखेर दिवसाचं तापमान साधारण चार-पाच अंश आणि रात्रीचं शून्याखाली असतं. मिशिगन तलावावरून येणारा वारा ते अजून खाली नेतो. कपडे थरांनी घाला: आत थर्मल, मग लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारा लांब कोट. कान झाकणारी टोपी आणि हातमोजे हवेतच. सभागृहात हीटर असतो, म्हणून कोट काढून कोट-चेकमध्ये ठेवता यावा असे आतले कपडे असू द्या. साडी नेसणाऱ्यांनी आत लोकरीच्या लेगिंग्ज घालाव्यात. सूर्य दुपारी साडेचारच्या आधीच मावळतो, याची मनाला आधी कल्पना द्या. बुटांवर पैसे खर्च करा. नवे बूट तिथे पहिल्यांदा घालू नका, महिनाभर इथे वापरून मऊ करा.

घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. तिथे सकाळचे आठ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसात. घरी फोन करायला सकाळी न्याहारीची वेळ उत्तम. पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीनला जाग येणार आणि दुपारी दोननंतर डोळे मिटायला लागणार. म्हणून महत्त्वाची सत्रं सकाळच्या वेळेत निवडा आणि दुपार यंत्रांच्या प्रदर्शनासाठी ठेवा, कारण चालताना झोप येत नाही. रात्री खोलीवर बसून इथल्या केसेस रिपोर्ट करू नका. झोपेशिवाय ना तिथलं डोक्यात जातं, ना इथला रिपोर्ट नीट होतो.

मॅकॉर्मिक प्लेस ओळखून घ्या

उत्तर अमेरिकेतलं हे सर्वांत मोठं परिषद-संकुल. प्रदर्शनाचीच जागा २६ लाख चौरस फूट आहे. पहिली इमारत १९६० साली उघडली, १९६७च्या आगीत ती गेली आणि तलावाकाठी आज दिसणारी काळी, सपाट छताची इमारत १९७१ साली उभी राहिली. आता चार इमारती आहेत: तलावाच्या बाजूचं लेकसाइड सेंटर, नॉर्थ, साउथ आणि वेस्ट. नॉर्थ आणि साउथच्या मधला मोठा चौक म्हणजे ग्रँड कॉन्कोर्स. लेकसाइडला जायला लेक शोअर ड्राइव्ह या रस्त्यावरून जाणारा बंदिस्त पूल आहे.

खोल्यांचे क्रमांक वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. पहिलं अक्षर इमारतीचं: ‘ई’ म्हणजे लेकसाइड (ईस्ट), ‘एस’ म्हणजे साउथ, ‘एन’ म्हणजे नॉर्थ. त्यानंतरचा पहिला आकडा मजल्याचा. ई-४५१ म्हणजे लेकसाइडचा चौथा मजला, एन-२२७ म्हणजे नॉर्थचा दुसरा. या दोन खोल्यांमध्ये गर्दीतून जायला पंधरा मिनिटं धरा. सत्रं लागोपाठ असली तर दोन वेगवेगळ्या इमारतींतली निवडूच नका. मी वेळापत्रक बनवताना विषयाआधी इमारत बघते. सकाळ लेकसाइडला, जेवणानंतर साउथ-नॉर्थ, अशी विभागणी केली की दिवसाकाठी एक-दीड तास वाचतो.

पोचायचे रस्ते असे आहेत. परिषदेची बस फुकट असते, पण सकाळी आठच्या सुमारास लेक शोअर ड्राइव्हवर गाड्या तुंबतात. मेट्रा इलेक्ट्रिक ही उपनगरी रेल्वे मिलेनियम स्टेशनहून निघते आणि दहा मिनिटांच्या आत मॅकॉर्मिक प्लेसच्या पोटातच आणून सोडते. मधली व्हॅन ब्युरन आणि म्युझियम कँपस ही स्थानकं साउथ मिशिगनवरच्या हॉटेलांना जवळ पडतात. माझी पसंती हिलाच. फक्त सगळ्या गाड्या मॅकॉर्मिकला थांबत नाहीत आणि गर्दीची वेळ सोडली तर त्या कमी असतात, म्हणून वेळापत्रक मोबाइलवर ठेवा. २०१५ साली उघडलेलं ग्रीन लाइनचं सर्मक–मॅकॉर्मिक प्लेस स्थानक वेस्ट इमारतीजवळ आहे, तिथून लेकसाइडपर्यंत आतून बरंच चालावं लागतं. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरून ३ क्रमांकाची बसही येते.

दिवसवार आखणी

शनिवारी संध्याकाळी जाऊन बॅज घ्या. रविवारी सकाळी रांग वाढते. बॅज मिळाला की रिकाम्या इमारतीत तासभर फिरा: कोट-चेक, पाण्याचे नळ, शांत कोपरे, मेट्राचं दार.

रविवारी उद्घाटनाचं सत्र लेकसाइडमधल्या अ‍ॅरी क्राउन थिएटरमध्ये असतं, ते एकदा ऐकावंच. रोज तीनपेक्षा जास्त सत्रं घेऊ नका. सत्रांतला बराच भाग नोंदणीच्या प्रकारानुसार नंतर ऑनलाइन ऐकता येतो, तेव्हा प्रत्यक्ष बसायला अशी सत्रं निवडा जिथे प्रश्न विचारता येतात किंवा हात चालवता येतो. प्रत्यक्ष यंत्रावर शिकवणाऱ्या कार्यशाळांच्या जागा मर्यादित असतात, त्यांची आधी नोंद करा.

‘केस ऑफ द डे’, म्हणजे निदान ओळखायला रोज मांडलेल्या केसेस, रोज सोडवा. आपल्या उपशाखेबाहेरचीही एक घ्या. शैक्षणिक प्रदर्शनं संगणकाच्या पडद्यांवर असतात. त्यांच्या लेखकांच्या उपस्थितीच्या वेळा अ‍ॅपमध्ये दिसतात. त्या वेळी जाऊन सरळ बोला. ‘आमच्याकडे १.५ टेस्लाचं जुनं एमआरआय यंत्र आहे, हा प्रोटोकॉल त्यावर चालेल का?’ असा प्रश्न विचारला की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो. मोठ्या वक्त्यांभोवतीच्या घोळक्यात उभं राहण्यापेक्षा ब्राझील, तुर्कस्तान, इजिप्तमधून आलेल्या तरुण डॉक्टरांशी झालेलं बोलणं आपल्या जास्त उपयोगी पडतं. त्यांच्याकडेही रुग्ण भरपूर आणि यंत्रं थोडी असतात.

यंत्रांचं प्रदर्शन रविवार ते बुधवार असतं. सोमवार-मंगळवार तिथे मुंगीला वाट नसते. बुधवारी दुपारी विक्रेत्यांना खरोखर वेळ असतो, इंजिनियर मोकळे असतात. तुमचा प्रश्न यंत्रखरेदीचा असेल तर पहिली फेरी रविवारी नुसती बघायला आणि दुसरी बुधवारी विचारायला ठेवा. विचारायचं काय, तर हे:

– सीटी किंवा एक्स-रे यंत्राच्या याच मॉडेलला अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) टाइप अप्रूव्हल, म्हणजे मॉडेलची मंजुरी, आहे का? नसेल तर कितीही चांगलं असलं तरी आज आपल्या कामाचं नाही.
– दुरुस्तीचा इंजिनियर कुठे बसतो? नांदेडला बंद पडलेल्या यंत्रासाठी माणूस हैदराबादहून येणार की पुण्याहून, आणि किती तासांत?
– एमआरआयचं चुंबक थंड ठेवायला हेलियम किती लागतो? पारंपरिक चुंबकात दीड हजार लिटरच्या आसपास असतो, नव्या बंदिस्त चुंबकांत दहा लिटरहूनही कमी. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हा फरक मोठा आहे.
– स्कॅनची वेळ कमी करणारं एआय सॉफ्टवेअर माझ्या जुन्या यंत्रावर बसतं का? परवाना एकदाच घ्यायचा की दरवर्षी? रुग्णांच्या प्रतिमा कोणत्या देशातल्या सर्व्हरवर जातात?

किंमत तिथे नेमकी कळत नाही. भारतातल्या प्रतिनिधीचं नाव घ्या, आणि त्याच वेळी स्टॉलवरून त्याला ईमेल करायला लावा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. मोबाइलला जोडायचे हाताएवढे सोनोग्राफी प्रोब तिथे सगळीकडे दिसतात, अमेरिकेत डॉक्टरला ते सहज विकतही मिळतात. ते बॅगेत घालून आणू नका. आपल्या कायद्यात हेही सोनोग्राफी यंत्रच आहे. ते नोंदणीकृत केंद्रालाच विकता येतं आणि नोंदणीत चढवल्याशिवाय जवळ बाळगता येत नाही. एका प्रोबपायी सेंटरला सील लागू शकतं. आवडला तर भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून, प्राधिकाऱ्याला कळवून घ्या.

जेवण

संकुलातलं खाणं महाग आणि बारा ते एक रांगा लांब. साडेअकराला जेवा किंवा थालीपीठ-दशम्या डब्यात न्या. शाकाहाऱ्यांना शिकागोत अडचण नाही. इथला डीप-डिश पिझ्झा पालक-चीजचाही मिळतो. भाजायला पाऊण तास लागतो, म्हणून भूक कडकडून लागण्याआधी सांगा. एक तुकडा पुरतो. मात्र बीन्समध्ये, सूपमध्ये मांसाचा रस असू शकतो, दरवेळी विचारा. मधल्या भागातल्या उपाहारगृहांत बिलावर साधारण पावणेबारा टक्के कर आणि त्यावर १८ ते २० टक्के टिप धरा.

वरण-भाताची फारच आठवण आली तर डेव्हन अ‍ॅव्हेन्यू. रेड लाइनने उत्तरेला लोयोला स्थानकापर्यंत जा आणि तिथून १५५ क्रमांकाची डेव्हन बस धरा. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर उघडलं. त्याच रस्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांना गांधी मार्ग, जिना यांचं नाव आणि गोल्डा मायर यांचं नाव मानाने दिलेलं आहे. जाऊन यायला संध्याकाळ जाते, म्हणून परिषदेच्या मधल्या दिवशी नको.

शिकागोत महाराष्ट्र मंडळ आहे आणि उपनगरांत मराठी कुटुंबं पुष्कळ. ओळखीचं कोणी असेल तर शनिवारचं जेवण त्यांच्याकडे घ्या. आठवड्यात त्यांनी चाळीस मैलांवरून आपल्याला न्यायला यावं अशी अपेक्षा ठेवू नये.

शहरासाठी एक दुपार

गुरुवारी सत्रं संपल्यावर आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोला जा. अलीकडच्या वर्षांत हे संग्रहालय मंगळवार-बुधवार बंद असतं आणि गुरुवारी उशिरापर्यंत उघडं, त्यामुळे आपल्या वेळापत्रकाला ते नेमकं बसतं. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. त्या जागी आता फुलर्टन हॉल आहे. बाहेर मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर त्यांच्या नावाची पाटीही दिसते. दोन पावलांवर मिलेनियम पार्कमध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’ आहे, ते बघायला पैसे पडत नाहीत. तिथून डेली प्लाझापर्यंत चालत गेलात तर ख्रिसमसचा जर्मन पद्धतीचा बाजार भरलेला असतो. वारा फारच असेल तर पेडवे नावाचे भुयारी पादचारी मार्ग वापरा, मिलेनियम स्टेशनपासून त्यांनी बरंच अंतर कापता येतं.

बाहेर पडताना गळ्यातला बॅज खिशात ठेवा. रात्री उशिरा रेल्वेत रिकाम्या डब्यात बसू नका, माणसं असलेल्या पुढच्या डब्यात बसा.

परतीच्या आधी आणि नंतर

विमानात बसण्यापूर्वी, डोक्यात ताजं असताना, आपल्या त्या लिहिलेल्या प्रश्नाखाली उत्तर लिहून काढा. दहा ओळी पुरे. बदलायचा प्रोटोकॉल, फोन करायच्या माणसांची नावं, वाचायचे दोन लेख. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तंत्रज्ञांना बसवून एक बदल सुरू करा. महाविद्यालयात असाल तर रेसिडेंट्सपुढे तासभर मांडा.

क्रेडिटचं, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या गुणांचं, प्रमाणपत्र आपोआप येत नाही. ऐकलेल्या सत्रांची नोंद करून ते संकेतस्थळावरून मुदतीत उतरवून घ्यावं लागतं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी-नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात. परदेशातल्या परिषदेचे किती धरले जातील हे जाण्याआधीच वैद्यक परिषदेच्या कार्यालयात विचारून ठेवा आणि आल्यावर प्रमाणपत्र, नोंदणीची पावती, बोर्डिंग पास एकाच फाइलमध्ये लावा. खर्चाची भरपाई मागणाऱ्यांना हीच फाइल लागते. ऑनलाइन सत्रं काही महिने उघडी राहतात, त्यांची शेवटची तारीख कॅलेंडरवर लावा आणि दर रविवारी एक ऐकायला सुरुवात करा.